सर केनी डॅलग्लिश : मैदानावरचे आणि मैदानाबाहेरचे

फुटबॉल या विषयावर आम्हीं लेखणी उचलावी, याचें आमच्या जुन्या विद्यार्थ्यांस नवल वाटेल. आमचा सारा जन्म शब्दरूपावलि, समासचक्र आणि वार्षिक परीक्षेचे पेपर यांत गेला. शाळेमागील पटांगणांत मुलें चेंडू लाथाडीत, तेव्हां वर्गाची कांच फुटूं नये एवढ्याकडेच आमचें लक्ष असे. परंतु घरांत नातवंडें असलीं म्हणजे आजोबांसहि म्हातारपणीं नवे धडे गिरवावे लागतात. आमच्या धाकट्या चिरंजीवांचा मुलगा शनिवारीं-रविवारीं रात्रीं उशिरापर्यंत विलायतेंतील सामने पाहत बसतो. त्याची आजी "डोळे जातील रे" म्हणून रागावते, आणि आम्ही मात्र चष्मा सांवरून हळूच त्याच्या शेजारीं जाऊन बसतों.

असाच एके रात्रीं लिव्हरपूल शहरांतील अ‍ॅनफील्ड मैदानावरचा सामना चालला असतां प्रेक्षकांच्या एका प्रचंड स्टँडला एका मनुष्याचें नांव दिलेलें आहे, असें कानीं आलें. "हा कोण रे?" आम्हीं विचारलें. "आजोबा, हे केनी डॅलग्लिश. पूर्वीं खेळत असत." "अरे, खेळणारे पुष्कळ झाले. मग याचेंच नांव कां?" नातू क्षणभर थांबला आणि म्हणाला, "तें तुम्हीच वाचून पाहा."

आम्हीं वाचलें; आणि जें वाचलें त्यानें आमच्या एका जुन्या, अजून न भरलेल्या व्रणावर बोट ठेवलें. म्हणून हा लेख.

ग्लासगोचा मुलगा

स्कॉटलंड आणि फुटबॉल यांचा संबंध आपल्याकडेहि अपरिचित नाहीं. १८८८ सालीं सिमल्यास ड्युरँड कपचे सामने प्रथम झाले, तेव्हां तो कप रॉयल स्कॉट्स फ्यूझिलियर्स या स्कॉटिश पलटणीनेंच जिंकला होता. त्या देशाचें ग्लासगो हें शहर म्हणजे क्लाइड नदीच्या कांठचें, जहाजें बांधणारांचें आणि कारखान्यांत राबणारांचें गांव. त्याच शहराच्या पूर्व भागांतील डॅलमारनॉक वस्तींत ४ मार्च १९५१ रोजीं केनेथ मॅथीसन डॅलग्लिश यांचा जन्म झाला. वडील इंजिनियरिंगच्या कामावर होते; घर साधें, कष्टाळू लोकांचें. शाळेंत असतांना केनी प्रथम गोलरक्षक म्हणून उभा राहत असे. ज्यानें पुढें शेंकडों गोल करावयाचे, तो आरंभीं गोल अडविण्यास शिकला, ही गोष्ट आम्हां शिक्षकांस मोठी बोधप्रद वाटते.

ग्लासगोंत फुटबॉल हा केवळ खेळ नव्हे. तेथें दोन बलाढ्य क्लब आहेत. सेल्टिक हा १८८७ सालीं, शहराच्या पूर्व भागांतील गरीब आयरिश कॅथॉलिकांच्या मुखीं अन्न पडावें म्हणून एका धर्मबंधूच्या प्रेरणेनें निघाला. रेंजर्स हा प्रॉटेस्टंटांचा मानला जाई, आणि कित्येक दशकें तो कॅथॉलिक खेळाडूंस बहुधा दारांतच उभें करीत नसे. एकाच येशूचे दोन भक्त, पण एकाच चाळींत राहून एकमेकांचें तोंड पाहणार नाहींत, असा प्रकार. आपल्या वाचकांस हें नवें वाटणार नाहीं. शाखाभेदावरून पंगती निराळ्या मांडल्या गेल्याचें आमच्या पिढीनें घरोघरीं ऐकलेलें आहे.

केनी प्रॉटेस्टंट घरचा. त्याचें कुटुंब पुढें रेंजर्सच्या मैदानासमोरील एका नव्या उंच इमारतींत राहावयास गेलें, आणि त्याच्या खोलीच्या भिंतीवर रेंजर्सच्या खेळाडूंचीं चित्रें लागलीं. परंतु १९६७ सालीं त्यास मागणी आली ती सेल्टिककडून. सेल्टिकचे व्यवस्थापक जॉक स्टाइन हे पूर्वाश्रमींचे खाणकामगार आणि स्वतः प्रॉटेस्टंट. त्यांचे सहाय्यक शॉन फॅलन केनीच्या घरीं बोलणीं करण्यास आले, तेव्हां या पोरानें घाईघाईनें भिंतीवरचीं चित्रें काढून टाकलीं, अशी गोष्ट आजहि हंसून सांगतात. हंसावें अशीच ती आहे. पण तींत एक अर्थ भरलेला आहे. ज्या गांवांत जन्मजात पंथावरून माणसाचा संघ ठरे, त्या गांवांत एका पंधरासोळा वर्षांच्या मुलानें, आणि त्याच्या आईबापांनीं, पंथ पाहिला नाहीं; गुरु पाहिला. त्याच वर्षीं मे महिन्यांत सेल्टिकनें लिस्बन येथें इटलीच्या इंटर मिलान संघाचा २-१ असा पराभव करून युरोपियन कप जिंकला होता, आणि त्या संघांतील अकराहि खेळाडू ग्लासगोच्या आसपास ३० मैलांच्या आंत जन्मलेले होते. याहून चांगली पाठशाळा कोणती मिळावी?

पाठशाळेंत मात्र लगेच पाटावर बसावयास मिळालें नाहीं. पहिलें वर्ष त्यास कंबरनॉल्ड युनायटेड नांवाच्या लहानशा क्लबाकडे खेळावयास धाडण्यांत आलें, आणि दिवसां तो सुतारकामाची उमेदवारी करी. १९६८ सालीं सेल्टिकच्या मुख्य संघांत तो प्रथम दिसला, तोहि बदली खेळाडू म्हणून. कायमची जागा मिळण्यास आणखी तीन वर्षें लागलीं. आजचीं मुलें एका वर्षांत यश न मिळाल्यास निराश होतात. त्यांनीं हीं तीन वर्षें ध्यानांत ठेवावीं.

खेळण्याची रीत

आम्हांस त्या खेळाचें ज्ञान थोडें. तरी जुने सामने पाहून व नातवास विचारून जें समजलें तें सांगतों. डॅलग्लिश धांवण्यांत फार वेगवान नव्हते. उंचीहि बेताचीच. त्यांचें सामर्थ्य दोन गोष्टींत होतें. एक, ते गोलाकडे पाठ करून चेंडू घेत आणि कमरेच्या जोरावर प्रतिपक्षाच्या रक्षकास मागें असा रोखून धरीत कीं, त्यास चेंडू दिसूंच नये. मग क्षणार्धांत वळून मारीत किंवा सोबत्यास देत. दुसरी, चेंडू येण्यापूर्वींच त्यांनीं मान वळवून सगळें मैदान डोळ्यांत भरून घेतलेलें असे. पायांनीं जें कमी पडे तें बुद्धि भरून काढी. व्याकरणांत आम्ही मुलांस सांगत असूं कीं, वाक्य उच्चारण्यापूर्वीं क्रियापद मनांत तयार पाहिजे. यांचें खेळणें तसेंच होतें.

सेल्टिकसाठीं त्यांनीं १६७ गोल केले. चार वेळां स्कॉटिश लीग आणि चार वेळां स्कॉटिश कप जिंकण्यांत त्यांचा वांटा होता. १९७७ सालच्या ऑगस्टांत लिव्हरपूलनें ४,४०,००० पौंड देऊन त्यांस विकत घेतलें. (धंदेवाईक खेळांत माणूसच विकत घेतात, हा शब्दप्रयोग आमच्या कानांस अजूनहि खटकतो, पण तेथें तोच रूढ आहे.) दोन ब्रिटिश क्लबांमधील व्यवहारांत एवढी रक्कम त्यापूर्वीं कोणी दिली नव्हती. केव्हिन कीगन हा लोकांचा लाडका खेळाडू नुकताच जर्मनीस गेला होता. त्याचा ७ क्रमांकाचा सदरा यांच्या अंगावर आला. दुसऱ्याच्या पाटावर बसणें किती कठीण, हें नव्या सुनेसच ठाऊक! पण पहिल्याच वर्षीं, मे १९७८ मध्यें, लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर युरोपियन कपच्या अंतिम सामन्यांत ब्रूजविरुद्ध एकच गोल झाला आणि तो डॅलग्लिश यांनीं केला. गोलरक्षक खालीं येईपर्यंत ते थांबले, आणि मग चेंडू त्याच्या अंगावरून अलगद पलीकडे टाकला. १९८१ व १९८४ सालींहि तोच कप लिव्हरपूलला मिळाला. त्या क्लबासाठीं त्यांनीं ५१५ सामन्यांत १७२ गोल केले. स्वदेशासाठीं, म्हणजे स्कॉटलंडसाठीं, ते १०२ सामने खेळले. हा विक्रम आहे. त्यांचे ३० गोल ही संख्याहि तेथें सर्वोच्च असून त्या मानांत डेनिस लॉ हे त्यांचे वांटेकरी आहेत. १९७४, १९७८ व १९८२ या तिन्ही जागतिक स्पर्धांत ते होते. १९७४ सालींच त्यांचा मरीना यांच्याशीं विवाह झाला, आणि या दांपत्यास चार अपत्यें झालीं.

१९८५ सालीं, वयाच्या चौतिसाव्या वर्षीं, ते खेळाडू असतांनाच लिव्हरपूलचे व्यवस्थापक झाले. दुसऱ्याच वर्षीं, ३ मे १९८६ रोजीं, चेल्सीच्या मैदानावर स्वतः गोल करून त्यांनीं लीग जिंकली आणि आठवड्यानें एव्हर्टनला ३-१ असें हरवून एफ. ए. कपहि जिंकला. एकाच वर्षीं या दोन्ही स्पर्धा जिंकणारा विसाव्या शतकांतील हा केवळ तिसरा संघ.

येथवरचें चरित्र इतर थोर खेळाडूंच्या चरित्रासारखेंच आहे. एवढ्यासाठीं आम्हीं वाचकांचा वेळ घेतला नसता.

जे परत आले नाहींत

या मनुष्याच्या कारकीर्दींत तीन वेळां असें घडलें कीं, खेळ पाहावयास आलेलीं माणसें घरीं परत गेलीं नाहींत. २ जानेवारी १९७१ रोजीं ग्लासगोंत रेंजर्स व सेल्टिक यांचा सामना संपून लोक जिन्यानें उतरत असतां चेंगराचेंगरी होऊन ६६ जण मेले. एकोणीस वर्षांचा केनी त्या दिवशीं मैदानावर उपस्थित होता. २९ मे १९८५ रोजीं ब्रुसेल्सच्या हायझेल मैदानावर, युरोपियन कपच्या अंतिम सामन्यापूर्वीं, लिव्हरपूलचे कांहीं प्रेक्षक इटालियन प्रेक्षकांवर चालून गेले. धांवपळींत भिंत कोसळली आणि ३९ माणसें प्राणांस मुकलीं. तो कलंक लिव्हरपूलच्या माथीं लागला, आणि इंग्लिश क्लबांस कित्येक वर्षें युरोपांतील स्पर्धांची दारें बंद झालीं. डॅलग्लिश त्या दिवशींच्या संघांत खेळाडू होते. व्यवस्थापकपदाची सूत्रें त्यांच्या हातीं आलीं तीं या सुतकांतच.

तिसरी दुर्घटना १५ एप्रिल १९८९ ची. शेफील्ड शहरांत हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल व नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा एफ. ए. कपचा उपांत्य सामना होता. बाहेर गर्दी दाटली म्हणून पोलिसांनीं एक मोठें फाटक उघडलें. आंत शिरणारा लोंढा सरळ मधल्या, आधींच भरलेल्या कठड्यांत गेला. त्यांस बाजूच्या मोकळ्या भागांकडे वळविण्यास कोणी उभें नव्हतें. पुढें लोखंडी कुंपण, मागें लोंढा. तीन वाजतां सामना सुरू झाला आणि तीन वाजून सहा मिनिटांनीं तो थांबविण्यांत आला. तोपर्यंत माणसें उभ्या उभ्या गुदमरलीं होतीं. त्या दिवशीं ९४ गेले. मागाहून निधन पावलेले धरून ती संख्या आज ९७ आहे. त्यांत पुष्कळ जण शाळा-कॉलेजच्या वयाचे. डॅलग्लिश यांचा स्वतःचा मुलगाहि त्या दिवशीं मैदानांत प्रेक्षक म्हणून आला होता, आणि तो सुखरूप दृष्टीस पडेपर्यंत त्या बापाची काय अवस्था झाली असेल, तें आम्ही सांगावयास नको.

यानंतर त्यांनीं जें केलें तेंच या लेखाचें प्रयोजन. अ‍ॅनफील्डचीं दारें लोकांस उघडीं करण्यांत आलीं. लोक आले आणि फुलें वाहूं लागले. अर्धें मैदान फुलांनीं झांकून गेलें. डॅलग्लिश, त्यांच्या पत्नी मरीना, इतर खेळाडू व त्यांच्या बायका त्या आईबापांजवळ बसल्या, त्यांस चहा दिला, त्यांचें ऐकून घेतलें. इस्पितळांतील जखमींना ते भेटून आले. आणि मग अंत्ययात्रा सुरू झाल्या. डॅलग्लिश शक्य तितक्या अंत्ययात्रांस स्वतः गेले. एका दिवशीं तर चार ठिकाणीं. ज्यांना ते ओळखत नव्हते त्यांच्या घरीं ते आप्ताप्रमाणें उभे राहिले. ‘द सन’ या वृत्तपत्रानें मृतांच्या सोबत्यांवर चोरीचे व दांडगाईचे खोटे आळ घेतले. मग लोक खवळलेले पाहून त्याच्या संपादकानें, आतां काय करावें, म्हणून डॅलग्लिश यांनाच विचारलें. ज्या मोठ्या अक्षरांत तें छापलें तेवढ्याच मोठ्या अक्षरांत "आम्ही खोटें बोललों" असें छापा, अशा अर्थाचें उत्तर त्यांनीं दिलें.

खेळहि थांबवून चालणार नव्हतें. पहिला सामना मृतांच्या साहाय्यार्थ ग्लासगोंत, त्यांच्या जुन्या सेल्टिकच्या मैदानावर झाला. त्याच मे महिन्यांत लिव्हरपूलनें एव्हर्टनला ३-२ असें हरवून एफ. ए. कप जिंकला, पुढच्या वर्षीं लीगहि जिंकली. परंतु महाभारत ज्यांनीं वाचलें आहे त्यांस ठाऊक आहे कीं, युद्ध जिंकल्यावर धर्मराजास राज्य गोड लागलें नाहीं. रणांगणावर विलाप करणाऱ्या स्त्रिया त्याच्या डोळ्यांपुढून हलेनात.

पद सोडण्याचें धैर्य

डॅलग्लिश यांनीं आपलें दुःख कोणास दाखविलें नाहीं. तें शरीरानें दाखविलें. अंगावर पुरळ उठूं लागलें. सामन्याच्या दिवशीं डोकें फुटेल कीं काय असें होई. २० फेब्रुवारी १९९१ रोजीं एव्हर्टनविरुद्धच्या सामन्यांत संघ चार वेळां पुढें गेला आणि चारहि वेळां आघाडी घालवून बसला, ४-४. काय बदल करावयास हवा तें दिसत असूनहि आपल्याच्यानें निर्णय होत नाहीं, हें त्यांस त्या रात्रीं कळून चुकलें. दोन दिवसांनीं त्यांनीं राजीनामा दिला. संघ तेव्हां लीगमध्यें अग्रस्थानीं होता. वय अवघें एकोणचाळीस. कोणी त्यांस जा म्हटलें नव्हतें.

आपल्याकडे कर्त्या पुरुषानें थकलों म्हणूं नये, अशी समजूत आहे. घरांतील वडील माणूस सर्वांचीं दुःखें पोटांत घालतो, आणि एके दिवशीं अंथरुणास खिळतो. मग सर्वांना आश्चर्य वाटतें. दुसऱ्याचा शोक वाहणें हेंहि श्रमाचें काम आहे, आणि त्या श्रमालाहि विश्रांति लागते, हें या चरित्रावरून आम्हीं शिकलों.

विश्रांतीनंतर ते उठले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत दुसऱ्या श्रेणींतील ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब त्यांनीं हातीं घेतला, वर्षाच्या आंत वरच्या श्रेणींत नेला, आणि १९९५ सालीं प्रीमियर लीग जिंकून दिली. त्या गांवानें यापूर्वीं लीग जिंकली होती ती १९१४ सालीं! शेवटचा सामना योगायोगानें अ‍ॅनफील्डवरच होता. ब्लॅकबर्न तो हरले, पण तिकडे मँचेस्टर युनायटेडचा सामना बरोबरींत सुटल्यामुळें अजिंक्यपद यांनाच मिळालें. दोन निरनिराळ्या क्लबांस इंग्लिश लीग जिंकून देणारे व्यवस्थापक इतिहासांत चारच. त्यांपैकीं हे एक. पुढें न्यूकॅसल, पुन्हां सेल्टिक, आणि २०११ सालीं पुन्हां लिव्हरपूल, असा प्रवास झाला. यश सर्वत्र सारखें मिळालें नाहीं. २०१२ सालीं लीग कप जिंकूनहि लिव्हरपूलनें त्यांस निरोप दिला. ती कटुता त्यांनीं धरून ठेविली नाहीं. पत्नी मरीना यांना २००३ सालीं स्तनाचा कर्करोग झाला. त्या बऱ्या झाल्या आणि इतर रुग्णांच्या उपचारांसाठीं त्यांनीं निधि उभारला. तेंहि याच संसाराचें फळ.

हिल्सबरोच्या मृतांस न्याय मिळण्यास मात्र सत्तावीस वर्षें लागलीं. २६ एप्रिल २०१६ रोजीं चौकशीच्या पंचांनीं निर्णय दिला कीं, हे मृत्यु बेकायदेशीर हत्या होत आणि प्रेक्षकांकडे यत्किंचितहि दोष नव्हता. त्याच वर्षीं लिव्हरपूल शहरानें डॅलग्लिश पतिपत्नींस नगराचें सन्मान्य नागरिकत्व दिलें. २०१७ सालीं स्टँडला त्यांचें नांव दिलें गेलें. २०१८ सालीं ते ‘सर’ झाले. नातवास विचारलेल्या आमच्या प्रश्नाचें उत्तर असें मिळालें. गोलांसाठीं एखादा पुतळा उभारला गेला असता. पण त्या शहरानें त्यांच्या नांवाखालीं बसावें, हें गोलांमुळें झालेलें नाहीं.

आमचा उंबरा

आतां आमचा व्रण. फार वर्षांपूर्वीं आम्ही एका तालुक्याच्या गांवीं मुख्याध्यापक असतांना सातवींतला एक मुलगा सुटींत नदींत बुडून गेला. हुषार नव्हता, पण रोज फळ्याखालची धूळ न सांगतां पुसून ठेवी. आम्हीं शोकसभा घेतली, दुखवट्याचा ठराव सुवाच्य अक्षरांत लिहिला, आणि शिपायाकरवीं त्याच्या घरीं पाठविला. स्वतः गेलों नाहीं. काय बोलावें सुचेना. आणि परीक्षा जवळ आल्या आहेत, असें आम्हीं स्वतःस समजाविलें. दीड-दोन वर्षांनीं त्याची आई देवळाच्या पायरीवर भेटली. ती रागावली नाहीं. एवढेंच म्हणाली, "मास्तर, तुमचा कागद जपून ठेवलाय. मला वाचतां येत नाहीं. तुम्ही याल असं वाटलं होतं."

संस्कृतांतील शोकवचनें आम्हांस पाठ होतीं. त्या माउलीस एकहि नको होतें. तिला केवळ उंबऱ्यांत उभा राहणारा मनुष्य हवा होता. दूरदेशींच्या एका सुताराच्या उमेदवारास, शब्दांनीं फारसा न बोलणाऱ्या एका खेळाडूस, जें सहज कळलें, तें आम्हां पंतोजीस चाळीस वर्षें शिकवूनहि वेळेवर कळलें नाहीं.

हें सर्व आम्हीं नातवास सांगितलें. तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं खेळावयास न जातां तो कोठें गेला, म्हणून सूनबाईंनीं चौकशी केली. वर्गांतील एका मुलाचे वडील गेल्या महिन्यांत वारले होते. हा त्याच्या घरीं जाऊन बसला होता. "काय बोललास रे?" आम्हीं विचारलें. "कांहीं नाहीं, आजोबा," तो म्हणाला, "नुसता बसलों."